बी.ए.च्या वर्गाकडून विकिपीडियाचे लेख: ६० विद्यार्थी, एक सेमिस्टर

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका महाविद्यालयात बी.ए. द्वितीय वर्षाला मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना अंतर्गत गुणांसाठी प्रकल्पवहीऐवजी मराठी विकिपीडियावर लेख लिहून घ्यायचे आहेत. वर्गात ६० विद्यार्थी, संगणक कक्षात २० यंत्रे, बहुतेकांकडे फक्त मोबाइल. हे जमेल का, कसे करावे आणि गुण कशाला द्यावेत?

जमते. मात्र ‘प्रत्येकाने एक नवा लेख’ ही अट आधी काढून टाका. ती ठेवली की विद्यार्थी विषय शोधत बसतात, विषय मिळाला की मजकूर कुठून तरी उचलतात आणि संदर्भ शेवटच्या रात्री चिकटवतात. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच मोठा प्रयोग झाला होता. विद्यार्थी खूप, विकिपीडियावर मुरलेले मार्गदर्शक थोडे, आणि पाठ्यपुस्तकांतून व संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर इतका, की स्वयंसेवक तो पुसता पुसता थकले. त्याच वर्षाअखेर तो कार्यक्रम थांबवावा लागला. इंग्रजीत निदान पुसणारे हात पुष्कळ आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला असला तरी तिथले सक्रिय प्रचालक (पाने काढण्याचा व खाती अडवण्याचा अधिकार असलेले स्वयंसेवक) आजही बोटांवर मोजता येतात. एका रात्रीत ६० कच्चे लेख आले तर त्यांचा पुढचा महिना त्यातच जातो, आणि पुढच्या वर्षी तुमच्या वर्गाचे नाव दिसताच दार लावले जाते.

म्हणून तीन-तीनचे २० गट करा. गटाकडे एकच लेख द्या, तोही शक्यतो आधीपासून असलेला. मराठी विकिपीडियावर जिल्ह्यातल्या गावांचे असे असंख्य लेख आहेत ज्यांत ‘हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे’ एवढे एक वाक्य आणि त्याखाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे अशी कुठल्याही गावाला चालतील अशी ठोकळेबाज शीर्षके असतात. कुही, भिवापूर, पारशिवनी, मौदा या तालुक्यांतली गावे उघडून पाहा. हा कच्चा माल वर्गासाठी उत्तम आहे, कारण लेखाच्या उल्लेखनीयतेवर (विषय ज्ञानकोशात घेण्याजोगा आहे का, यावर) वाद होत नाही आणि भर घालायला जागा भरपूर असते.

विषय ठरवण्याची रीत उलटी ठेवा: आधी ग्रंथालयात कपाटासमोर उभे राहायचे, मग विषय ठरवायचा. हाताशी तीन स्वतंत्र, छापील किंवा विश्वासार्ह स्रोत नसतील तर तो विषय कितीही आवडता असो, सोडून द्यायचा. नागपूरच्या वर्गाला स्रोतांची वानवा नाही. जिल्हा गॅझेटियर दोन आहेत, रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे आणि राज्य शासनाचे १९६६ चे. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे. तिच्या ‘अ’ भागात गावनिहाय सोयींची यादी मिळते, ‘ब’ भागात लोकसंख्येचे आकडे. नगरधन, मनसर, रामटेक यांसाठी वा. वि. मिराशी यांचे वाकाटकांवरचे संशोधन आहे. विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’चे जुने अंक आहेत. ‘हितवाद’ हे इंग्रजी वर्तमानपत्र १९११ पासून निघते. संत्रा आणि कापूस यांवर लिहायचे तर त्या पिकांच्या केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात आहेत आणि त्यांची प्रकाशने मिळतात.

काही विषय मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून बाद करा. आपले महाविद्यालय, त्याची संस्था, संस्थापक, प्राचार्य यांवर लेख नको. तो हितसंबंधांचा संघर्ष ठरतो आणि पान बहुधा काढले जाते. (प्राचार्यांकडून ‘आपल्या कॉलेजचे पान करा ना’ अशी सूचना हमखास येते. नम्रपणे टाळा.) हयात व्यक्ती नकोत, त्यातही राजकारणी मुळीच नकोत. जात, धर्म, इतिहासपुरुष हेही नकोत. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातील मजकुरावरून राज्याच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला होता. एकोणीस वर्षांच्या मुलाला १० गुणांसाठी त्या वाटेने पाठवण्याचे कारण नाही.

आजीची मुलाखत, गावातल्या जाणत्यांनी सांगितलेल्या आठवणी, स्वतः केलेले सर्वेक्षण यांतले काहीही विकिपीडियावर चालत नाही, कारण तो मूळ संशोधनाचा मंच नाही. मारबतीवर (नागपुरातली पुतळ्यांची वार्षिक मिरवणूक) लिहिणारा गट हमखास इथे अडतो. मिरवणूक त्यांनी लहानपणापासून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाहिलेली असते, पण ‘आम्ही पाहिले’ हा संदर्भ नव्हे. पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात जे छापून आले आहे तेच लिहायचे. दोन ठिकाणी सुरुवातीचे वर्ष वेगळे दिलेले असेल तर दोन्ही वर्षे आपापल्या संदर्भासह द्यायची. आपण निवाडा करायचा नाही. मुलाखतीचे साहित्य चांगले असेल तर ते महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापा.

आता खाती. इथे पहिल्याच तासाला गाडी अडते. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) २४ तासांत साधारण सहाच नवी खाती उघडता येतात आणि संगणक कक्षातली सगळी यंत्रे बाहेर एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे सातव्या विद्यार्थ्याला त्रुटी-संदेश येतो. उपाय असा की खाती घरून, आपापल्या मोबाइल डेटावर, आठवडाभर आधी उघडून घ्यायची. काही मोबाइल कंपन्यांचे पत्ते हजारो लोक वाटून वापरतात, तिथेही हा अडथळा येऊ शकतो. अशांनी दुसऱ्या जाळ्यावरून किंवा दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा. वर्गातच खाती उघडायची असतील तर तारीख, आयपी पत्ता आणि संख्या कळवून ही मर्यादा तेवढ्यापुरती उठवून घेता येते, पण ती विनंती काही दिवस आधी करावी लागते. खाते एका माणसाचे एकच असते. गटाचे सामाईक खाते, महाविद्यालयाच्या नावाचे खाते, हजेरी क्रमांकाचे खाते यांपैकी काही नको. खरे नाव देण्याची गरज नाही, मुलींना तर टोपणनावच सुचवा. कोणते नाव कोणाचे, याची यादी फक्त तुमच्याकडे असू द्या.

तुमचे स्वतःचे खाते याआधी निदान एक सेमिस्टर वापरात असायला हवे. ५० बदल आणि एक नीट वाढवलेला लेख एवढी तयारी नसेल तर हा उपक्रम पुढच्या वर्षी घ्या. विद्यार्थ्याचा बदल उलटवला गेला, म्हणजे कोणी तो काढून लेख आधीसारखा केला, की विद्यार्थी आधी तुमच्याकडे येतो. लेखाचा ‘इतिहास’ (झालेल्या बदलांची यादी) उघडून कोणी, कधी, का उलटवले हे तुम्हाला वाचता आले पाहिजे. मग चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर) एक छोटी नोंद टाका: अभ्यासक्रम, विद्यार्थीसंख्या, पहिली व शेवटची तारीख, तुमचे सदस्यनाव. विकिमीडियाचा (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचा) उपक्रमांसाठीचा, कोणी किती काम केले ते दाखवणारा डॅशबोर्ड आहे, त्यावर वर्ग नोंदवून त्याचा दुवाही द्या. डॅशबोर्डवर दोन गोष्टी चुकतात. मुख्य विकी म्हणून मराठी निवडायचे राहते आणि सगळ्यांचे काम शून्य दिसते. किंवा सुरुवातीची तारीख उशिराची पडते आणि त्याआधीचे बदल मोजलेच जात नाहीत.

टंकन हा दुसरा खोळंबा. मोबाइलवर जीबोर्डची मराठी चालते. संगणकावर विकिपीडियाच्या खिडकीतच मराठी टंकन आहे, ते कंट्रोल आणि एम या कळांनी चालू-बंद होते. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर मात्र चिकटवताच चिन्हांचा कचरा होतो; झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून घेणारे इथेच सापडतात. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे उमटते, एकसंध किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. दिसायला सारखे, पण शोधयंत्राला वेगळे. ‘ॲग्रो’, ‘ॲकॅडमी’ असा शब्द शीर्षकात असेल तर दोन्ही रूपांनी शोधून पाहा, नाहीतर आधीच असलेला लेख पुन्हा तयार होतो.

सेमिस्टर १५ आठवड्यांचे धरले तर पहिले चार आठवडे कोणी लेख लिहायचा नाही. या काळात प्रत्येकाने दहा किरकोळ बदल करायचे: शुद्धलेखन, तुटलेला दुवा, एखाद्या संदर्भहीन वाक्याला संदर्भ. प्रत्येक बदलाला एका ओळीचा सारांश लिहायचा. ही सवय इथे लागली नाही तर पुढे लागत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्रोतांची यादी, सातव्यापासून दहाव्यापर्यंत धूळपाटीवर (आपल्या खात्यातल्या सरावाच्या पानावर) मसुदा, अकराव्यात दुसऱ्या गटाकडून तपासणी, बाराव्यात मजकूर मुख्य लेखात. शेवटचे तीन आठवडे दुरुस्त्यांसाठी आणि तोंडी परीक्षेसाठी मोकळे राहिले पाहिजेत. विषम सेमिस्टरमध्ये पोळा, गणपती, दसरा, दिवाळी यांत दोन-तीन आठवडे असेच जातात आणि लगेच हिवाळी परीक्षा डोक्यावर येते, म्हणून वेळापत्रक मागून पुढे आखा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मजकूर चढवला तर आलेल्या हरकतींना उत्तर द्यायला कोणीच उरत नाही.

धूळपाटी प्रत्येकाची स्वतःची असावी आणि लेखातला एकेक विभाग एकेकाकडे. तिघे एकाच पानावर एकाच वेळी बसले की संपादनाची टक्कर होते आणि शेवटी जतन करणाऱ्याला आपला मजकूर हाताने पुन्हा बसवावा लागतो. लेख पूर्ण नवा असेल तर धूळपाटीचे ‘स्थानांतर’ करा (ते पानच लेखाच्या नावाने हलवा), म्हणजे इतिहास सोबत जातो; ही सोय नव्या खात्याला काही दिवस मिळत नाही, हेही खाती लवकर उघडण्याचे एक कारण. जुना लेख वाढवायचा असेल तर एकेक विभाग वेगवेगळ्या बदलात टाका. सगळा लेख एका फटक्यात बदलला तर तपासणाऱ्याला चांगले-वाईट निवडता येत नाही आणि तो सगळेच उलटवतो.

एका गटाचा मजकूर ५०० ते ६०० शब्दांचा पुरे. परिच्छेदागणिक निदान एक संदर्भ, पुस्तक असेल तर पान क्रमांकासह. संदर्भाच्या बटणात आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) किंवा दुवा दिला की बरीच माहिती आपोआप भरली जाते, पण मराठी वर्तमानपत्रांच्या दुव्यांवर ती तशीच ठेवू नका. लेखकाच्या जागी ‘टीम’, तारखेच्या जागी रिकामी चौकट, शीर्षकात वर्तमानपत्राची जाहिरातओळ असे प्रकार होतात. ई-पेपरचे दुवे काही महिन्यांत मरतात. त्याऐवजी वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान असे छापील तपशील द्या आणि संकेतस्थळाचे पान असेल तर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संग्रहावर) त्याची प्रत जतन करून तो दुवा जोडा. लोकसंख्येच्या आकड्यापाशी ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द हवेतच. ‘सध्याची लोकसंख्या’ असे लिहून जुना आकडा देणे ही गावांच्या लेखांतली सर्रास चूक आहे.

भाषेबद्दल मराठीच्या शिक्षकाला सांगणे आगाऊपणाचे, तरी अडचण नेमकी मराठीच्या वर्गातच जास्त येते. मुलांना निबंधाची सवय असते. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेला अंबाझरी तलाव पर्यटकांचे मन मोहून टाकतो’ या वाक्यातला एकही शब्द ज्ञानकोशात राहू शकत नाही. तलाव कोणी, केव्हा, कशासाठी बांधला, नाग नदीशी त्याचा संबंध काय, पाणी कशासाठी वापरले जाई, २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात तो ओसंडून कोणत्या वस्त्यांत पाणी शिरले, हे हवे, प्रत्येकाला संदर्भ लावून. थोर, महान, सुप्रसिद्ध, अजरामर, नयनरम्य, जागृत देवस्थान: या सहा शब्दांवर बंदी घाला. निम्मे संपादन तिथेच होते.

नक्कल ओळखायला मराठीत साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. संशयित वाक्यातले सलग आठ-दहा शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा, आणि छापील पुस्तकाचे पान मागवून शेजारी ठेवा. क्रियापदे बदलून बाकी वाक्यरचना तीच ठेवणे हीसुद्धा नक्कलच. ती टाळायचा साधा मार्ग म्हणजे पुस्तक वाचून टिपणे काढायची, पुस्तक मिटायचे आणि टिपणांवरून लिहायचे. संकेतस्थळावर फुकट वाचता येते म्हणून मजकूर उतरवता येत नाही, हे दोनदा सांगा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन मुक्त आहे. पण शंभर वर्षांपूर्वीची माहिती आणि मते आज जशीच्या तशी चालणार नाहीत, आणि घेतलीच तर तिथून घेतल्याचे सांगावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर शैलीवरून ओळखायच्या फंदात पडू नका, संदर्भ तपासा. चॅटजीपीटीसारखी साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि पाने बेधडक देतात. आयएसबीएनचा शेवटचा अंक गणिताने ताळा लागणारा असतो, त्यामुळे बनावट क्रमांक बहुतेक वेळा तपासणीतच फसतो. काही दुव्यांच्या शेपटाला त्या साधनाचे नाव चिकटून आलेले असते. मुले तेही काढत नाहीत. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये अशी न तपासता टाकलेली यंत्रलिखित पाने चर्चेविना काढण्याचा नियम केला. वर्गासाठी नियम एवढाच पुरे: उद्धृत केलेले प्रत्येक पान विद्यार्थ्याने झेरॉक्स किंवा मोबाइल फोटोच्या रूपात फायलीत लावायचे. पान नाही तर वाक्य नाही.

विकिपीडियातले भाषांतराचे साधन मोहात पाडते. इंग्रजी लेख उघडला, यंत्राने मराठी केले, प्रकाशित. पहिल्या वर्गाला ते देऊ नका. इंग्रजी लेखातले संदर्भ विद्यार्थ्याने वाचलेले नसतात, तरी ते त्याच्या नावावर लागतात. शिवाय वाक्ये अशी येतात की मराठीच्या प्राध्यापकांनाच ती पुन्हा लिहावी लागतात. हाताने भाषांतर केलेच तर बदलाच्या सारांशात मूळ लेखाचे नाव देणे हे परवान्यानुसार बंधनकारक आहे.

छायाचित्रे विद्यार्थ्याने स्वतः काढलेलीच विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियासाठीच्या चित्रांच्या मुक्त भांडारात) चढवावीत. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या चित्रातली कॅमेऱ्याची माहिती पुसली गेलेली असते आणि तिथले तपासनीस संशय घेतात, म्हणून मूळ फाइलच वापरा. सार्वजनिक जागेतल्या इमारती व पुतळे यांची छायाचित्रे भारतीय कायद्यात चालतात. भिंतीवरचे चित्र, माहितीफलक, संग्रहालयातले अलीकडच्या चित्रकाराचे तैलचित्र चालत नाही. छायाचित्राला गुण ठेवू नका, नाहीतर गुगलवरून उचललेली चित्रे येतील.

गुणांचे म्हणाल तर लेख टिकला की उडाला, यावर एकही गुण ठेवू नका. तो निर्णय तुमच्या वर्गाबाहेरच्या लोकांचा आहे, आणि गुणांच्या भीतीने मुले उलटवलेला बदल पुन्हा पुन्हा चढवतात. चोवीस तासांत असे तीनपेक्षा जास्त वेळा केले की खाते अडवले जाऊ शकते. बाइटवरही (लेखाची लांबी विकिपीडिया त्यांतच दाखवतो) गुण नकोत. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. ६,००० बाइटचा भरघोस दिसणारा लेख प्रत्यक्षात ३०० शब्दांच्या आसपास असतो. ५० गुण असतील तर वाटणी अशी चालते: टिपणांसह स्रोतयादी १०, धूळपाटीवरचा मसुदा १५, दुसऱ्या गटाच्या लेखाची तपासणी ५, लेखाच्या चर्चा पानावर आलेल्या हरकतींना उत्तरे व दुरुस्त्या १०, तोंडी १०. मसुदा जमा करताना पानाचा नव्हे, त्या विशिष्ट आवृत्तीचा स्थायी दुवा घ्या; नंतर कोणी काहीही बदलले तरी विद्यार्थ्याने काय लिहिले होते ते तसेच दिसते. गटातल्या कोणी किती केले हे ‘सदस्याचे योगदान’ पानावर कळते, मात्र खात्यात न शिरता केलेला बदल तिथे येत नाही. तोंडीत एकच प्रश्न पुरतो: लेखातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवायचे आणि त्याचे पान काढून दाखवायला सांगायचे.

अभ्यासक्रमात बसवताना अंतर्गत मूल्यमापनाची चौकट वापरली तर वेगळी मंजुरी शोधावी लागत नाही. स्वतंत्र दोन क्रेडिटचा विषय करायचा तर अभ्यासमंडळाकडे जावे लागेल, आणि प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने ६० तास दाखवावे लागतील. वरचे वेळापत्रक आठवड्याला चार तास धरले तर त्यात बसते.

सार्वजनिक जागी लिहायला नकार देणारे दोन-चार विद्यार्थी असतातच. त्यांच्यावर सक्ती नको. तोच मसुदा त्यांनी वर्डमध्ये द्यावा, गुण तेच. लेखन कच्चे पण वाचन काटेकोर असलेल्यांना मराठी विकिस्रोतावर बसवा. तिथे स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची पाने मूळ प्रतिमेशी ताडून दुरुस्त करायची असतात. एकाने तपासले की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासले की हिरवी. एकच सदस्य दोन्ही करू शकत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्या लागतात. एका विद्यार्थ्याला सेमिस्टरमध्ये २५ पाने पिवळी आणि २५ हिरवी एवढे काम द्या.